पत्र्याच्या घराचं सागवानी दार

माझ्या आत्याच्या घराला तिन्ही बाजूंनी पत्रे होते आणि समोर सागवानी दार होतं. असलं दार तेव्हा लातुरात एखाद्या बड्या आडत्याच्या घरालाच असायचं. जाड फळ्या, पितळी कडी, खाली रुंद उंबरा. दार उघडलं की सगळं घर थरथरायचं, कारण त्या दाराचं वजन पेलेल असं त्या घरात दुसरं काहीच नव्हतं. म्हणून मामानं, म्हणजे आत्याच्या नवऱ्यानं, चौकटीच्या दोन्ही अंगांना दगड-मातीचे दोन बुटके खांब रचले होते. येणारे-जाणारे हसायचे. कामावरचा एक सेंट्रिंगवाला रोज म्हणायचा, "लंगोटीला जरीचा काठ!"

आत्या त्याला सोडायची नाही. "काठ तरी हाय बाबा. तुझं ते आधी झाकून घे."

दार मूळचं किनवटच्या जंगलातलं. आत्याचा सासरा तिकडं लाकूडतोडीला जायचा. मालकानं मजुरीत वळते करून दिलेले सागाचे दोन ओंडके त्यानं कंधार तालुक्यातल्या आमच्या गावापर्यंत आणले, आणि सुताराकडून त्यांचं दार करून घेतलं. गावकुसाबाहेरच्या आमच्या बौद्ध वस्तीत तेवढंच एक सागवानी दार. गावातल्या कुणाकुणाच्या ते डोळ्यावर यायचं, आणि त्याचाच आत्याला जास्त आनंद व्हायचा.

मोठ्या दुष्काळात गावची विहीर आटली. आत्या, मामा आणि त्यांचं आठ-नऊ वर्षांचं पोरगं खडी फोडायला बाहेर पडले. जाताना आत्यानं दाराला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. दुष्काळानं त्यांचं घर पाडलं नाही, हे मला इथं नीट लिहायचंय, कारण लोक तसंच समजतात. घर पाडलं ते नंतरच्या चांगल्या पावसानं. आमच्याकडं माळवदाची घरं. लाकडावर माती, मातीवर पांढरी माती. दरसाल पावसाच्या आधी कुणीतरी वर चढून ती पांढरी माती पसरावी लागते, तुडवावी लागते. माणसं घरी असली तर माळवद टिकतं. आत्या-मामा कामाच्या मागं गाव सोडून गेलेले, वर चढणार कोण? दोन पावसाळ्यांत माळवद खाली बसलं. ते परत आले तेव्हा भिंती ढासळलेल्या, आणि पुढं चौकट तेवढी ताठ उभी. दार बंद, कुलूप जागच्या जागी.

आत्यानं किल्लीनं कुलूप उघडलं, दार लोटलं आणि आतल्या ढिगाऱ्याकडं बघत म्हणाली, "चोरी तर काई झाली न्हाई."

मामानं ती चौकट उपटली, दार उतरवलं. तेव्हापासून ते दार त्यांच्यासोबत फिरत राहिलं. नांदेडकडं कालव्याच्या कामावर, तिथून रस्त्याच्या कामावर. लातूरचा नवा जिल्हा झाला आणि जिकडंतिकडं सरकारी बांधकामं निघाली, तेव्हा खडीच्या ट्रकवर आडवं पडून लातुरातही आलं.

त्याच नव्या जिल्ह्यात मला नोकरी लागली. मी नांदेडला वसतिगृहात राहून बी.ए. झाले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी मुद्दाम लिहितेय. आमच्याकडं पदवी ही लाजून सांगायची गोष्ट नाही. नवा जिल्हा म्हणजे नवी टेबलं, आणि त्यातल्या एका टेबलामागची खुर्ची माझी. आमचं खातं तेव्हा भाड्याच्या जागेत होतं. आमची स्वतःची इमारत उठत होती, आणि तिच्या विटा-वाळूची घमेली आत्या वाहत होती. "तुझी खुर्ची वर चढवून राहिले बाई," ती म्हणायची. "बसशील तवा नीट बस, खाली माझं डोकं हाय."

आत्यानं लातुरात आधी खोली शोधली नाही असं नाही. ती, मामा आणि त्यांचा पोरगा, म्हणजे माझा आतेभाऊ, जो तोवर चांगला गवंडी झाला होता, असे तिघं कमावते. पण नव्या जिल्ह्याला साहेब आले, त्यांच्यामागं आमच्यासारखे कारकून आले, आणि खोल्यांची भाडी वर गेली. आम्हाला बसायला कचेऱ्या बांधणारी माणसं त्याच भाड्यांनी शहराबाहेर लोटली गेली. जिथं भाडं परवडत होतं तिथं घरमालक आधी विचारायचा, "कोणातले तुम्ही?" ते सांगितल्यावरही एखादा थांबलाच तर म्हणायचा, "रेशन कार्ड दाखवा." रेशन कार्डाच्या खिडकीवर म्हणायचे, "राहता कुठं? भाडेपावती आणा." आणि भाडेपावती घरमालक देणार नाही, कारण पावती दिली की भाडेकरू हलत नाही अशी त्याला भीती. मला खोली मिळाली ती पगारामुळं, आणि तीही एका बाईनं दोन प्रश्न कमी विचारले म्हणून.

मग गुत्तेदारानं, म्हणजे बांधकामाच्या ठेकेदारानं, इमारतीच्या मागच्या मोकळ्या जागेत पत्रे दिले, आणि मजुरांची वीसेक घरं तिथं उभी राहिली. आमच्या कचेरीत त्या जागेला 'बेघरांची वस्ती' म्हणायचे. चहा पिताना म्हणायचे, फायलीतही म्हणायचे. एकदा मी आत्याला हा शब्द सांगितला.

"बेघर?" आत्या म्हणाली. "मंग मी रोज सकाळी कुलूप काय गाढवाला लावते?"

खरंच, ती रोज कुलूप लावायची. कामावर निघताना आधी उंबरा पुसायची, मग कडी, मग कुलूप, मग ते दोनदा ओढून बघायची. मागचा पत्रा दोन तारांवर अडकवलेला होता. कुणीही तो बाजूला सारून आत जाऊ शकलं असतं. पण कुलूप ओढून बघितल्याशिवाय आत्या हलायची नाही.

त्या साली माझ्या आतेभावाचं लग्न जमवायचं निघालं. रीतीप्रमाणं आत्याच्या पोराचा पहिला मान त्याच्या मामाच्या, म्हणजे माझ्या बापाच्या पोरीवर, माझ्यावर. आत्यानं तो कधीच सोडून दिला होता, पण बोलून दाखवायची संधी ती सोडत नव्हती. "माझी सून शिकून वाया गेली," असं ती चारचौघांत सांगायची. आतेभाऊ म्हणायचा, "बरं झालं आय. हिला भाकर येत न्हाई, उपाशी मेलो असतो." मला भाकरी येते. त्याला गिलाव्यासारखी जाड थापलेली भाकर लागते, त्याला मी काय करू?

स्थळ निघालं अहमदपूरजवळच्या एका गावचं. पोरीचा बाप वारलेला, आईनं रोजानं जाऊन लेकीला सातवीपर्यंत शिकवलेलं. पोरगा त्यांना पसंत पडला होता. राहिलं होतं घर बघणं. आमच्याकडं पत्रिका कुणी बघत नाही, पण मुलाचं घर बघितल्याशिवाय पोरगी देत नाहीत.

मामा आत्याला घेऊन माझ्याकडं आला. "पोरी, एक दिवस तुझी खोली दे. पाहुणे आले की तीच आमची म्हणून दावू. फळीवर चार भांडी मांडू, झालं."

मी उत्तर द्यायच्या आत आत्या म्हणाली, "आन् लग्न झाल्यावर पोरगी कुटं आणायची? तिच्या खोलीवर? दुसऱ्याच्या दारात उभी राहून मी माझं घर म्हनू व्हय? मला दार हाय."

पाहुणे दुपारच्या एसटीनं आले. पोरीची आई, आणि टोपी-धोतरातला पोरीचा चुलता, काखेत छत्री. मी त्यांना स्टँडवरून घेऊन निघाले. वाटेत चुलत्यानं विचारलं, "घर कोण्या गल्लीत हाय?"

"गल्ली नाही काका. नव्या इमारतीच्या मागं, मोकळ्या जागेत."

"मोकळ्या जागेत घर असतंय का तंबू?"

"बघाच तुम्ही."

वस्ती दिसली आणि चुलता जागीच थांबला. "वैनी, चला माघारी. हे बेघर लोक हायती. हितं पोरगी द्यायची म्हंजी कोंबडी उकिरड्यावर सोडायची."

आत्या पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. तिनं ऐकलं. "पाव्हणं, कोंबडीचं मागून बगू. आधी पाय धुवा. पाय धुतल्याबिगर माझ्या उंबऱ्याच्या आत कोणी येत न्हाई."

चुलत्याला वहाणा काढाव्याच लागल्या. पोरीची आई पाय धुऊन झाल्यावरही आत आली नाही. ती दारावर हात फिरवत उभी राहिली.

"किनवटचं हाय का?"

"हाव. सासऱ्यानं आणलेलं."

"आमचं बाभळीचं हाय. पावसात फुगतंय, लाथ घातल्याबिगर उगडत न्हाई."

"हे फुगत न्हाई. पर पत्रा लई कुरकुर करतोय."

"म्हंजी घरात एक तरी कुरकुरणारं पायजेच," पोरीची आई म्हणाली, आणि दोघी हसल्या. पुढं विहिणी होणार असलेल्या बायका अशा हसल्या की पुरुषांनी गप्प बसायचं असतं. चुलता बसला.

आत आल्यावर तिनं सगळं बघितलं. चूल, कोपऱ्यातली अंथरुणं, लाकडी फळीवरची बुद्धाची तसबीर आणि तिच्यापुढची अगरबत्तीची राख. मग पाण्याचं विचारलं. त्या साली आमच्या सगळ्या भागात पाण्याचीच बोंब होती, त्यामुळं घर बघायला आलेला माणूस भिंतींच्या आधी पाण्याचं विचारायचा. आत्यानं रांजण दाखवला, आणि भिंतींवर पाणी मारायला बांधलेल्या हौदाचा नळ दाखवला.

"आमी वढ्यात झिरा खंदतो," पोरीची आई म्हणाली. "वाटीवाटीनं घागर भरती. पोरगी पहाटंच जाऊन बसती." तिनं नळाकडं हात केला. "आन् ही इमारत झाल्यावर?"

मामा माझ्याकडं बघायला लागला. शिकलेल्या माणसानं अशा वेळी काहीतरी बोलावं अशी त्याची अपेक्षा. पण आत्याच बोलली. "झाल्यावर दार काढायचं आन् फुडच्या कामावर लावायचं. खोटं काऊन बोलू?"

पोरीची आई माझ्याकडं वळली. "बाई, तू सरकारात हायस. हे तिघं कमवून राहिले, मंग ह्यांना खोली काऊन मिळत न्हाई?"

मी तिला सांगितलं. माळवदापासून सांगितलं. पावती, कार्ड, पुन्हा पावती, सगळं सांगितलं. यांचं घर यांच्या आळसानं गेलं नाही आणि यांच्या नशिबानंही गेलं नाही. एकानं दुसऱ्याकडं बोट दाखवायचं, दुसऱ्यानं तिसऱ्याकडं, आणि तिसऱ्यानं परत पहिल्याकडं, असा तो फेरा आहे. फेऱ्यातल्या कुणालाच आपण काही वाईट करतोय असं वाटत नाही.

ती म्हणाली, "म्हंजी खुंटा पायजे तर दावं आणा, आन् दावं पायजे तर खुंटा आणा. बैल उनात."

"तसंच."

"मंग मोकाट बैल कोणाला म्हनायचं?" असं म्हणून तिनं दिराकडं बघितलं. त्यानं छत्री या काखेतून त्या काखेत घेतली.

चहा झाल्यावर तिनं तिचं सांगितलं. "पोरगी देते. पर माजी एक अट हाय. माजी लेक पहिल्यांदा घरात येईल ती ह्याच दारातून, आन् ह्याच जागंवर. तवर हे दार हितून हलू नये. हालतं दार बगून पोरगी द्यायला मन घेत न्हाई. एकदा उंबरा वलांडून आत आली की मंग तिला बी हात हायती, ती बी दार उचलंल."

वैशाखातल्या पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी लग्न धरलं.

आणि मग कचेरीत उद्घाटनाची तारीख ठरली, ती पौर्णिमेच्या आधीची. मोठे पाहुणे येणार म्हणून आमचे साहेब इमारतीभोवती एक चक्कर मारून आले आणि त्यांनी मला मजकूर सांगायला घेतला. साहेब पुण्याकडचे, बोलायला सभ्य. सदर जागेवरील बेघर इसमांना समारंभापूर्वी हटविण्यात यावे, असं वाक्य होतं. मी 'जागेवरील'पर्यंत लिहिलं आणि पेन थांबवलं.

"काय झालं?"

"साहेब, बेघर लिहिलं तर पोलीस येतील. गुत्तेदाराचे कामगार लिहिलं तर गुत्तेदार येईल."

शेजारच्या टेबलावरचे मोठे बाबू हसले. "साहेब, बाईंचे पाहुणे आहेत तिथं. म्हणून बोलतायत."

"हो, माझी आत्या आहे," मी म्हटलं. "म्हणून तर ते कोण आहेत हे मला माहीत आहे. गवंडी आहेत, बिगारी आहेत, त्यांची बायकापोरं आहेत. आपल्या इमारतीचं काम करतात. मजुरांच्या राहण्याची आणि पाण्याची सोय करणं गुत्तेदाराच्या करारात आहे, ती त्यानं पत्रे देऊन केलीय. बेघर म्हटलं की वाटतं कुठून तरी येऊन बसलेत. ते आपणच बोलावलेले आहेत."

माझा आवाज चढला होता. बी.ए.पर्यंत वर्गात मी फार कमी बोलले, तो सगळा साठा बहुतेक त्या दिवशी निघाला. साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "बोलवा गुत्तेदाराला."

गुत्तेदार आला, आणि त्यानं माझं काम माझ्यापेक्षा सोपं केलं. "साहेब, ह्यांना आज हाकललं तर आवारभिंत कोण बांधील? समोरचा गिलावा बाकी हाय. उद्घाटनाला पाहुण्यांनी उघड्या विटा बघाव्यात काय?"

ठरलं असं, की आवारभिंत होईपर्यंत वस्ती राहील, आणि नंतर गुत्तेदार आपल्या ट्रकनं सगळ्यांना पुढच्या कामावर नेईल. तिथं नळ आधी, माणसं नंतर. खोली कुणालाच मिळाली नाही, रेशन कार्डही नाही. फेरा होता तिथंच राहिला. फक्त वाक्य बदललं, आणि पौर्णिमेपर्यंत दार जागेवर राहिलं. मला त्या दिवशी तेवढंच हवं होतं.

उद्घाटनाला वस्ती दिसू नये म्हणून साहेबांनी मध्ये मांडववाल्याची लांबलचक कनात लावली. आत्या कनातीच्या या बाजूनं कापड चाचपून बघत होती. तिनं मांडववाल्याला गाठलं. "भाऊ, ही कनात लगेच काढू नको. पौर्णिमा होऊ दे. आमच्याकडं लगीन हाय." तो म्हणाला, "हे लपवायसाठी लावलंय मावशी." आत्या म्हणाली, "मंग लपवून करू की लगीन, आमी काई बोंबलत न्हाई." त्यानं कनात तर ठेवलीच, वरून दोन कापडंही बांधून दिली.

त्या कनातीखाली त्रिसरण-पंचशील झालं. सगळ्या वस्तीनं आणि आमच्या गावच्या पाहुण्यांनी मिळून मंगलगाथेला 'साधू साधू साधू' म्हटलं. माझी नवी वहिनी उंबरा ओलांडून आत गेली तेव्हा पत्रा इतका थरथरला की फळीवरचं भांडं खाली पडलं. पोरीची आई रडता रडता म्हणाली, "लईच कुरकुरतंय गं ह्ये."

दुसऱ्या आठवड्यात आत्यानं कुलपाची किल्ली वहिनीच्या हातात दिली. तिनं कुलूप लावलं, ओढून बघितलं, मागं जाऊन आली आणि म्हणाली, "आत्याबाई, मागचा पत्रा तर सुटाच हाय. कुलूप कशापायी?"

"चोरापायी न्हाई, माय," आत्या म्हणाली. "कुलूप दिसलं की मानूस म्हनतंय, घरवाली भाईर गेलीय, येईल. कुलूप नसलं की म्हनतंय, कोनी ऱ्हात न्हाई हितं."

त्या दाराला पुढं बऱ्याच जागा बदलाव्या लागल्या. शेवटी पुष्कळ वर्षांनी, वस्तीतल्या सगळ्यांनी मिळून कितीतरी चकरा मारल्यावर, शहराच्या कडेला जागा मिळाली. आता ते विटांच्या भिंतीत बसलंय आणि अजिबात थरथरत नाही. आतेभाऊ म्हणतो, त्याला करमत नसेल.

पण मला ते आठवतं ते लग्नानंतरच्या आखाडातलं, इमारतीच्या मागचं. आवारभिंतीचं काम चालू होतं. कचेरी सुटल्यावर मी आत्याकडं निघाले, तर दारापुढं पोरीची आई आणि चुलता उभे. लेकीला भेटायला न कळवता आलेले. दाराला कुलूप.

"चला वैनी," चुलता म्हणत होता. "गेले असतील दुसऱ्या कामावर. ह्या लोकांचा काय भरवसा? शेवटची येष्टी निघून जाईल."

"कुलूप हाय," पोरीची आई म्हणाली.

"मंग?"

"मंग येतील."

ती उंबऱ्यावर बसली, पाठ दाराला टेकवली आणि भाकरीचं फडकं सोडलं. मला बघून तिनं शेजारची जागा हातानं झाडली. चतकोर भाकरी आणि जवसाची चटणी माझ्या हातावर ठेवली. चुलता थोडा वेळ उभा राहिला, मग छत्री टेकून तोही खाली बसला. आम्ही तिघं खात होतो तेवढ्यात इमारतीच्या कोपऱ्यावरून डोक्यावर रिकामं घमेलं पालथं घातलेली आत्या आली, मागं वहिनी. आत्यानं लांबूनच बघितलं आणि ओरडली, "विहीणबाई, उंबऱ्यावर बसलाव ते पाय धुतले का?"

"किल्ली तुमच्यापाशी," पोरीची आई ओरडली, "आन् तांब्या आत!"